उजवं पेडल

१२ नोव्हेंबर

आज कॅप्टन हाशमींचा फोन आला. निवृत्तीनंतर आम्ही भेटतो ते मयतीला नाहीतर लग्नाला. स्वतःहून फोन त्यांनी सात वर्षांत केला नव्हता.

"उस्ताद, हात अजून चालतात का?"

"चालतात की."

"मग पान्यांची पेटी घेऊन ये. हेलिकॉप्टर बिघडलंय."

मी फोनकडे बघतच राहिलो. माझी बायको मुनिरा म्हणाली, "जाऊन ये बाबा. एकटा बसून चळला असेल म्हातारा."

गेलो. अल-ऐन रस्त्यावरचं त्यांचं घर, मागची खोली. टेबलावर भलामोठा पडदा, संगणक आणि एक खोकं. फ्रान्समध्ये, ल्योंला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं पाठवलंय. संगणकावर हेलिकॉप्टर उडवायचं, त्यासाठी हातात धरायची काठी, पॉवरचा खटका आणि पायाखाली दोन पेडलं. कॅप्टननी सगळं पायानं माझ्याकडे सरकवलं.

"बघ. विमानवाल्यांसाठी केलंय हे सगळं. काठी सोडली की टुणकन मध्ये, पेडल सोडलं की टुणकन मध्ये. विमानवाल्यांना पाय लागतात कशाला? बूट दाखवायला!"

तेलाच्या कंपनीत सव्वीस वर्षं मी त्यांचं हेलिकॉप्टर सांभाळलं. ते उडवायचे, मी जमिनीवर थांबायचो. आता जैतुनाची झाडं छाटतो आणि शेजाऱ्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो. कामाची नोंद ठेवल्याशिवाय मला पान्याला हात लावता येत नाही, म्हणून ही वही. मुनिरा म्हणते, खेळण्याची कसली नोंद. असू दे.

१४ नोव्हेंबर

हेलिकॉप्टरात डाव्या हाताला एक दांडा असतो. वर ओढला की यंत्र वर जातं. इथे त्याच्या जागी विमानाचा खटका, तो पुढे ढकलला की जोर वाढतो. कॅप्टनचा हात चाळीस वर्षांच्या सवयीनं वर ओढतो आणि यंत्र दगडासारखं खाली येतं. सकाळपासून सोळा वेळा समुद्रात पडलो. लल्ला दलेंदा, म्हणजे दलेंदाबाई, कॅप्टनच्या पत्नी, चहा घेऊन आल्या तेव्हा सतरावी वेळ.

"किती जण मेले आज?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघंच," कॅप्टन म्हणाले. "पण पुनःपुन्हा."

भंगारातून जुन्या प्यूजो गाडीचा हँडब्रेक आणला. खुर्चीच्या डाव्या बाजूला पट्टीवर बसवला, तो अडकू नये म्हणून आतलं दातेरी चाक काढून टाकलं. विमानाच्या खटक्याची तार त्याला जोडली आणि संगणकात दिशा उलटी केली. आता दांडा वर ओढला की यंत्र वर जातं. कॅप्टननी तो दांडा नुसता हातात धरला आणि सोडेचनात. मी उगाच स्क्रू आवळत राहिलो.

२० नोव्हेंबर

काठीच्या आतली स्प्रिंग काढली. टेबलावर काठी म्हणजे जेवणाच्या ताटात खांब रोवल्यासारखं, म्हणून ती खाली घेतली. गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर पेटी, वर हातभर लांबीचा ॲल्युमिनियमचा पाइप. लांब काठीनं हात बारीक हलतो. मध्ये थोडासा भाग असा होता की काठी हलवली तरी यंत्राला पत्ताच नसायचा. विमानवाल्यांना तो हवा असतो, आम्हाला नको. तो शून्य केला.

पेडलांच्याही स्प्रिंगा काढल्या. हेलिकॉप्टरचं पेडल पाय नेईल तिथेच थांबायला हवं. स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ब्रेकचं रबर घासतं बसवलं, दोन्ही बाजूंना सारखं. किती आवळायचं याला मी मासळीबाजारातला ताणकाटा वापरला. डावं दोन किलो, उजवं दोन किलो. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुपारी कॅप्टननी यंत्र जमिनीपासून दोन हात वर उचललं आणि तिथेच धरलं. नाक मात्र सारखं डावीकडे घसरत होतं. आमचं जुनं यंत्र फ्रेंच. जोर वाढवला की नाक डावीकडे पळतं आणि उजव्या पेडलानं ते परत आणावं लागतं. मी म्हणालो, "सवय गेली तुमची." ते म्हणाले, "सवय जाईल, उस्ताद? हे काय बोलणं झालं?"

मग केरकेना बेटांवरून उडालो. पडद्यावरचं पाणी निळं आणि रिकामं.

"सापळे नाहीत," कॅप्टन म्हणाले.

खरंच नव्हते. वरून पाहिलं की उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांच्या भिंती दिसायच्या, मासे आत ओढणाऱ्या, बाणाच्या टोकासारख्या. आम्ही दोघं पडद्यावर बोट ठेवून आठवू लागलो. हा रम्ला गावाच्या अलीकडचा, तो विधवा बाईचा, त्या पलीकडे वाकडा, जो दर हिवाळ्यात मोडायचा. मी त्यातला एकही वरून पाहिलेला नाही. मला पाठ आहेत ते कॅप्टन उतरल्यावर सांगायचे म्हणून.

२ डिसेंबर

दहा दिवस जैतून काढण्यात गेले. आज नवं तेल घेऊन गेलो. लल्ला दलेंदांनी लगेच भाकरीचा तुकडा बुडवून पाहिला आणि मान हलवली, म्हणजे चांगलं निघालंय.

कॅप्टन खुर्चीत तयारच होते. "उजवं पेडल जड झालंय," ते म्हणाले.

हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. ते इथे लिहून ठेवतो, आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

शहाण्णव सालचा मार्च. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून परत येऊन कॅप्टन म्हणाले होते, उजवं पेडल जड लागतंय. मी उघडलं, पाहिलं, काही सापडलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. हँगरमध्ये आठ-दहा माणसं होती आणि मी तरुण होतो, माझ्या हातांचा मला माज होता. सगळ्यांसमोर म्हणालो, "कॅप्टन, पेडल ठीक आहे. तुमचा पायच जड झाला असेल." सगळे हसले. मी सही केली. माझ्या सहीवर ते सात माणसं घेऊन उडाले. वीस मिनिटांनी पेडल अडकलं ते अडकलंच. शेपटीतलं एक बेअरिंग फुटलं होतं. त्यांनी ते यंत्र थिनाच्या धावपट्टीवर विमानासारखं पळवत, घासत उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही.

चौकशीत त्यांनी माझं ते वाक्य सांगितलं नाही. तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी बदामांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "उघड, बघ, सही कर." झालं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

तेव्हा आज ते जड म्हणाले आणि मी एक शब्द न बोलता पेडल उघडलं. साफ केलं, ग्रीस घातलं. ताणकाटा लावला तर दोन किलो. तरी रबर थोडं ढिलं केलं. पावणेदोन.

"आता बरंय," कॅप्टन म्हणाले.

९ डिसेंबर

पुन्हा जड. मी गुपचूप दीड किलोवर आणलं. डावं दोनच आहे. असं का व्हावं कळत नाही. रबर थंडीत कडक होतं का? मग डावं का नाही होत?

कॅप्टनची गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणे, त्यामुळे त्यांना दाढीला मीच नेलं. उजव्या बुटाचं टोक पार झिजलंय. म्हणालो, मोच्याकडे द्या. म्हणाले, "बूट नवीनच आहेत रे." नवीन बुटांची ही तऱ्हा, हल्ली कशातच दम राहिला नाही.

मुनिरा आज सोबत आली होती. परतताना म्हणाली, "दलेंदानं घरातल्या सगळ्या चटया-गालिचे गुंडाळून ठेवलेत, पाहिलंस? ऐन हिवाळ्यात?"

"माझ्या ग्रीसच्या भीतीनं असेल," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला जरा वाईटच वाटलं. मी दर वेळी खाली वर्तमानपत्र अंथरतो.

१८ डिसेंबर

आज भांडण झालं. कॅप्टन यंत्र प्लॅटफॉर्मवर उतरवत होते. वरून पाहिलं तर प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रात टाकलेलं एक बिस्किट. अगदी शेवटच्या क्षणी नाक डावीकडे गेलं आणि आम्ही कठड्यावर आदळलो. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा त्यांनी काठी सोडली.

"तू नीट उघडलंच नाहीस!"

"चार वेळा उघडलं, कॅप्टन."

"उघडणं वेगळं आणि बघणं वेगळं!"

बावीस वर्षांपूर्वीचं बोलले नाहीत, पण मला तेच ऐकू आलं. मान खाली घालून मी पाने गोळा केले. ते भिंतीला धरून स्वच्छतागृहाकडे गेले तेव्हा मी पटकन त्यांच्या खुर्चीत बसलो आणि उजवं पेडल दाबून पाहिलं. लोण्यासारखं गेलं. मला माझ्या पायाचा भरवसा वाटेना. आता या वयात माझ्या पायाला जे हलकं, ते त्यांच्या पायाला जड. म्हणजे चूक माझ्या जाणिवेतच असणार. उडवणाऱ्याच्या पायाला जे कळतं ते पाने धरणाऱ्याला कळत नाही, हे मी एकदा शिकलोय.

एक किलोवर आणलं.

२६ डिसेंबर

नवीन बेअरिंग बसवलं. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे करून पाहिलं. अख्खा सांगाडा उलटा फिरवला. उजवंच जड.

तरी आजचा दिवस चांगला गेला. लल्ला दलेंदांनी जवाचं ऑक्टोपस घातलेलं सूप केलं होतं. कॅप्टननी मिठागरांवरून यंत्र नेलं आणि तिथल्या गुलाबी पक्ष्यांची गोष्ट सांगितली. एकदा यंत्राच्या आवाजानं अख्खा थवा उठला आणि सगळं आकाशच गुलाबी झालं, तर मागे बसलेला एक गोरा इंजिनियर घाबरून प्रार्थना म्हणू लागला. ही गोष्ट मी पन्नासदा ऐकलीय. आज कॅप्टन मध्येच थांबले. "त्याचं नाव काय रे?" मी सांगितलं. "तुला बरं आठवतं," ते म्हणाले, "तू तर नव्हतास."

नव्हतो खरा. सव्वीस वर्षांत एकदाही नव्हतो. कॅप्टननी बोलावलं नाही असं नाही. मीच कधी बसलो नाही. मला उंचीची भीती वाटते. हे मुनिरालाही माहीत नाही.

३ जानेवारी

अर्धा किलो. यापेक्षा ढिलं केलं तर पेडल आपोआपच लोंबकळेल.

८ जानेवारी

दार लल्ला दलेंदांनी उघडलं, पण आत येऊ दिलं नाही. बाहेर ओट्यावर आल्या, दार मागे ओढून घेतलं.

"लम्जद, ते पेडल आता आणखी हलकं करू नकोस."

मी म्हणालो, "लल्ला, अजून एक उपाय आहे, वजनाची..."

"पेडलाला काही झालेलं नाही. त्याच्या पायाला झालंय."

सप्टेंबरातच डॉक्टरांनी सांगितलं होतं. नसांचं दुखणं. उजव्या पायापासून सुरुवात झालीय, मग डावा, मग हात. औषधानं थोडं लांबतं, थांबत नाही. गाडी गॅरेजमध्ये नाही, त्यांच्या मेहुण्याकडे उभी आहे. चटया त्यांचा पाय अडकतो म्हणून उचलल्या. आज सकाळी उंबऱ्याला अडखळून पडले, कपाळाला तीन टाके पडलेत.

"आणि खोकं?" मी विचारलं.

"त्यानंच मागवलं मुलाकडून. डॉक्टरकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी." मग त्या म्हणाल्या, "तुला मी आधीच सांगणार होते. पण तू येणार म्हटलं की तो दाढी करायचा."

पान्यांची पेटी हातात तशीच. अल-ऐन रस्त्याच्या सहाव्या किलोमीटरला असलेल्या त्यांच्या घरापासून माझ्या घरापर्यंत चालत आलो.

९ जानेवारी

दोन, पावणेदोन, दीड, एक, अर्धा. मी मोजत होतो ते रबर नव्हतं.

मुनिराला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे आणि तू बोलत नाहीस." मला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

१३ जानेवारी

चार दिवस गेलो नाही. आज गेलो. कपाळाला पट्टी लावून कॅप्टन खुर्चीत बसले होते, पडदा बंद.

"सांगितलं तिनं?"

"हो."

"मग आता रडणार आहेस का? रडायचं तर बाहेर जा, कीबोर्डवर पाणी पडेल."

मी रागावलो होतो, खरंच रागावलो होतो. म्हणालो, "दोन महिने मला मूर्ख बनवलंत. बेअरिंग बदललं मी, सांगाडा उलटा केला. एका शब्दानं सांगायचंत."

त्यांनी कपाळाची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "तू दर आठवड्याला ते पेडल उघडायचास ना, तेव्हा मला वाटायचं, असेलही. उस्ताद उघडतोय म्हणजे काहीतरी सापडेल. आणखी एक आठवडा मला तसं वाटायचं."

मी वाकून पेडलाची तार सरळ केली.

"आणि शहाण्णव साली तू जे म्हणालास," ते हसू लागले, "ते या वेळी खरं निघालं की रे! बावीस वर्षं लवकर बोललास, एवढंच!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो विषय निघाला. मी हसू की काय करू? ते इतके हसले की लल्ला दलेंदा धावत आल्या. मग मीही हसलो, आणि मग जे बाहेर जाऊन करायचं होतं ते तिथेच केलं. कीबोर्ड त्यांनीच बाजूला सरकवला.

निघताना विचारलं, "कॅप्टन, आता हे सगळं काढून नेऊ का?"

"हात आहेत अजून माझे," ते म्हणाले. "पाय तेवढे नाहीत. पाय कुणाकडे आहेत?"

मला समजायला वेळ लागला. समजल्यावर घाम फुटला.

१६ जानेवारी

पेडलांची तार लांब केली. कॅप्टनच्या डाव्या बाजूला स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली, तिच्यासमोर पेडलं. दोन्ही पुन्हा दोन किलोवर आवळली. काठी आणि दांडा त्यांच्याकडे, पेडलं माझ्याकडे.

पहिल्याच उड्डाणात आम्ही थिनाच्या धावपट्टीवर भोवऱ्यासारखे फिरलो.

"उजवं! उजवं म्हटलं ना! अरे, तुझं उजवं कुठलं?"

"तुम्ही दांडा इतका खसकन ओढता कशाला?"

"मी ओढणारच! मी ओढला की तुला आपोआप कळलं पाहिजे!"

"मी काय तुमच्या अंगाला चिकटलेला आहे?"

लल्ला दलेंदा दारात उभ्या राहून पदराआड हसत होत्या. मला खुर्ची घट्ट धरून बसावं लागत होतं. ही पडद्यावरची उंची आहे, खाली फरशी आहे, सगळं कळत होतं, तरी डोळे आपोआप मिटत होते. शेवटी सांगून टाकलं. "कॅप्टन, मला उंचीची भीती वाटते."

त्यांनी काठी सोडून माझ्याकडे पाहिलं. आम्ही अर्थात समुद्रात पडलो.

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं."

"आणि मला वाटायचं, तुला स्वतःच्याच कामाचा भरवसा नाही म्हणून तू बसत नाहीस!" ते म्हणाले. "प्रत्येक उड्डाणाला मला ती धाकधूक असायची, गाढवा!"

२१ जानेवारी

तीन दिवस समुद्रात पडून पडून नाकातोंडात पाणी गेलं. आज मात्र एक गोष्ट कळली. त्यांच्या तोंडाकडे कान द्यायचा नाही, डाव्या खांद्याकडे बघायचं. दांडा ओढायच्या आधी खांदा जरासा चढतो. खांदा चढला की मी उजवं पेडल द्यायला लागतो. तीस सेकंद आम्ही हवेत जागचे हललो नाही. पडद्यावरचं गवतही दिसत होतं.

"बोलू नकोस," कॅप्टन पुटपुटले. मी बोलतच नव्हतो.

२७ जानेवारी

आज प्लॅटफॉर्म.

सकाळी अकराला थिनाहून उठलो. मिठागरं ओलांडली. केरकेना उजव्या हाताला ठेवलं, तिथे पडद्यावर काहीच नसताना कॅप्टन एकेक सापळा दाखवत गेले आणि मी "हो, हो" म्हणत गेलो. मुनिरा आणि लल्ला दलेंदा मागे दिवाणावर बसून बदाम फोडत होत्या. प्रवाशांसारख्या.

मग ते बिस्किट दिसलं. जवळ आलं. कॅप्टनचा हात थरथरत होता. तो थरथराट मी पहिल्यांदाच पाहिला. खांदा चढला, मी पेडल दिलं. खांदा उतरला, मी सोडलं. कठडा पायाखालून सरकला आणि यंत्र टेकलं. आवाजसुद्धा नाही झाला.

मागून मुनिरानं विचारलं, "पोहोचलो का?"

"पोहोचलो," कॅप्टन म्हणाले.

त्यांनी काठी सोडली आणि उजवा हात मांडीवर ठेवून बोटं उघडून-मिटून पाहिली. मी विचारलं. न विचारता राहवलं नाही. "हात किती दिवस म्हणाले डॉक्टर?"

"उन्हाळ्यापर्यंत. जमलं तर."

बदाम फुटण्याचा आवाज थांबला होता. पडद्यावर पंखा अजून फिरत होता.

"अजून अवघड उतरणं शिकायचं बाकी आहे तुझं," ते म्हणाले. "वाऱ्यातलं. आणि इंजिन बंद पडल्यावरचं. ते पायानं होत नाही, हातानं होतं." त्यांनी टेबलाला धरलं, लल्ला दलेंदा उठायच्या आत स्वतःच उभे राहिले, दोन पावलं सरकले आणि माझ्या खांद्यावर भार टाकून स्वयंपाकघरातल्या खुर्चीकडे वळले.

"ऊठ," म्हणाले. "तिकडे बस, माझ्या जागेवर. मी सांगतो तसं कर."